इंटरनेटवरील विक्री आणि शेतकऱ्याची कायदेशीर जबाबदारी

माल डोळ्यांनीं पाहावा, भाव तोंडानें ठरवावा आणि पट्टी हातांत घेऊन घरीं यावें, ही आपल्या बाजाराची जुनी रीत होय. अलीकडे आंबा, गूळ, हळद, बेदाणा इत्यादि माल कित्येक शेतकरी इंटरनेटवरून परस्पर गिऱ्हाइकास विकूं लागले आहेत. मधली दलाली वांचते, ही गोष्ट चांगली आहे. परंतु ह्या व्यवहारांत कागद नाहीं म्हणून कायदाही नाहीं, अशी जी समजूत आमच्या पाहण्यांत येते ती नुकसानकारक आहे. तिचें निरसन करावें, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

गेल्या हंगामांत आमच्याच घरीं असा प्रसंग घडला. आमच्या पुतण्यानें इंटरनेटवरील एका विक्रीस्थळावर हापुसाच्या पेट्यांची जाहिरात दिली. प्रत्येक फळ अडीचशे ग्रॅमांचे वर व माल आठ दिवसांत पोंच, असें तींत लिहिलें होतें. नागपुरच्या एका गिऱ्हाइकानें चार पेट्यांचे पैसे आगाऊ भरले. माल पोंचला बाराव्या दिवशीं, आणि निम्मीं फळें लहान निघालीं. गिऱ्हाइकानें पैसे परत मागितले, तेव्हां पुतण्या म्हणाला, "काका, सही कोणाची आहे? पुरावा काय आहे? तो नागपुरास, आपण रत्नागिरीस. तो करून करून काय करील?" महसूल खात्यांत सारा जन्म सही-शिक्क्याचे कागद चाळण्यांत गेल्यामुळें आरंभीं आम्हांसही त्याचें म्हणणें खरें वाटलें. कायदा वाचून पाहिला, तेव्हां तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें आमच्या विरुद्ध निघालीं.

पहिला प्रश्न सहीचा. साध्या मालाच्या विक्रीस सही लागतेच असें नाहीं. १८७२ च्या करार कायद्यानें तोंडी करारही बंधनकारक होतो. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० यानें इलेक्ट्रॉनिक नोंदीस लेखी कागदाची योग्यता दिली. २००८ च्या दुरुस्तीनें त्यांत कलम १०-अ घातलें. केवळ इलेक्ट्रॉनिक साधनानें झाला एवढ्याच कारणावरून करार निरर्थक ठरत नाहीं, असा त्याचा आशय आहे. आपण भाव कळविला, मागणी आली व ती आपण स्वीकारली, कीं आपण बांधले गेलों. मृत्युपत्र मात्र अशा रीतीनें करतां येत नाहीं, आणि जमिनीच्या खरेदीखतास दुय्यम निबंधकाकडील नोंदणी आजही आवश्यक आहे.

दुसरा प्रश्न पुराव्याचा. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ अमलांत आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणें मोबाईलमधील निरोप व पैसे भरल्याची नोंद विहित प्रमाणपत्रासह पुराव्यांत दाखल होते. पूर्वीच्या कायद्यांतही हीच अट होती. जालना विधानसभा मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीवरून झालेल्या दाव्यांत सर्वोच्च न्यायालयानें १४ जुलै २०२० रोजीं ती अट अनिवार्य ठरविली. तथापि मूळ उपकरणाचा मालक स्वतः तें घेऊन साक्षीस उभा राहिला तर प्रमाणपत्राची जरूर नाहीं, असेंही सांगितलें. म्हणून ज्या मोबाईलवर सौदा झाला तो जपावा व त्यांतील निरोप पुसूं नयेत. ते जसे गिऱ्हाइकाच्या उपयोगी पडतात तसेच प्रसंगीं आपल्याही पडतात.

तिसरा प्रश्न ठिकाणाचा, आणि हाच सर्वांत महत्त्वाचा. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणें विक्रेता राहतो किंवा धंदा करतो तेथें, अथवा तक्रारीचें कारण घडलें तेथें, तक्रार करावी लागे. २०१९ चा नवा कायदा जुलै २०२० मध्यें अमलांत आला. त्यानें इंटरनेटवरून घेणाऱ्यासही ग्राहक मानलें, व ग्राहक जेथें राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार करण्याची मुभा दिली. पांच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीस फी नाहीं. तात्पर्य, गिऱ्हाइकास रत्नागिरीस येण्याचें कारण नव्हतें. आमच्या पुतण्यासच नागपुरच्या तारखा कराव्या लागल्या असत्या. पुनः विकण्यासाठीं माल घेणारा व्यापारी ह्या कायद्यानें ग्राहक होत नाहीं. त्याचा वाद दिवाणी न्यायालयांत जातो.

"विक्रीस्थळाचे मालक पाहून घेतील," असेंही कित्येक म्हणतात. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ७९ नें अशा मध्यस्थास, तो आपली विहित दक्षता पाळीत असेल तर, दुसऱ्यानें घातलेल्या मजकुराच्या जबाबदारीपासून संरक्षण दिलें आहे. जाहिरातींतील शब्द ज्याचे, जबाबदारीही त्याची.

२३ जुलै २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनीं नियमितपणें विकणाऱ्यावर पुढील कर्तव्यें घातलीं आहेत. जाहिरात मालाच्या खऱ्या गुणाशीं जुळावी. आपलें नांव, पत्ता व सर्व खर्च धरून एकूण किंमत दाखवावी. गिऱ्हाईक बनून स्वतःच्या मालाची स्तुति लिहूं नये. माल सदोष, वर्णनाविरुद्ध किंवा उशिरा पोंचल्यास तो परत घेण्यास अथवा पैसे परत करण्यास नकार देऊं नये. दैवी आपत्तीनें झालेला उशीर तेवढा वगळला आहे. तक्रारीची पोंच ४८ तासांत द्यावी व तिचा निकाल एक महिन्यांत लावावा.

नांवाविषयींही सावध असावें. कोंकणच्या हापुसास २०१८ मध्यें भौगोलिक मानांकन मिळालें. परक्या प्रांताचा आंबा त्या नांवानें विकणें हा अपराध असून त्यास सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद व शिवाय दंड सांगितला आहे.

गिऱ्हाइकांचीं नांवें, पत्ते व फोन नंबर ही देखील आपणांकडील ठेव समजावी. तीं दुसऱ्यास विकूं नयेत. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्यें झाला व त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्यें प्रसिद्ध झाले. त्यांतील मुख्य कर्तव्यें अठरा महिन्यांनीं लागू व्हावयाचीं आहेत, म्हणून आतांपासूनच वळण लावून घेणें बरें.

आमच्या पुतण्यानें अखेर चारही पेट्यांचे पैसे परत केले व दिलगिरीचे दोन शब्द लिहिले. तक्रार तेथेंच मिटली. यंदा त्यानें जाहिरातींत फळांचें वजन दोनशे ते अडीचशे ग्रॅम व पोंच पंधरा दिवसांत, असें लिहिलें आहे. मागणी थोडी कमी आली, हें खरें. परंतु नागपुरचें तेंच गिऱ्हाईक पुनः सहा पेट्या मागवून गेलें. शेतकरी बंधूंनीं इंटरनेटवर अवश्य विकावें, मात्र तेथें लिहिलेला प्रत्येक शब्द स्टँपावर लिहिल्याप्रमाणें मोजून लिहावा, एवढीच आमची विनंति आहे.