मानाचा वाटा, पाहुण्याचं ताट

‘इलियड’ची सुरुवात लढाईने होत नाही, वाटणीच्या भांडणाने होते. ट्रॉयच्या किनाऱ्यावर ग्रीकांचा तळ पडून नऊ वर्षं उलटली आहेत. अपोलोचा पुजारी आपल्या मुलीला सोडवायला खंडणी घेऊन येतो, सेनापती आगामेम्नॉन त्याला हाकलून देतो आणि तळावर साथ पसरते. मुलगी परत करावी लागते. तिच्या बदल्यात आगामेम्नॉन योद्धा अकिलीसच्या वाट्याला आलेली बंदिवान ब्रिसेइस उचलून नेतो, आणि अकिलीस लढाई सोडून बसतो. साडेपंधरा हजारांहून अधिक ओळींचं काव्य या एका भांडणावर उभं आहे. ग्रीक महाकाव्यांतला समाज समजून घ्यायचा तर इथूनच सुरुवात करावी.

या समाजात मान ही मनात जपायची गोष्ट नव्हती. तो चारचौघांना दिसावा लागे: लुटीतला वाटा, पंगतीतलं पहिलं आसन, मांसाचा उत्तम भाग, काठोकाठ प्याला. बाराव्या सर्गात लिसियाचा राजा सार्पिडॉन आपल्या सोबत्याला सांगतो की हे सगळं आपल्याला मायदेशी मिळतं, म्हणूनच आज आघाडीवर उभं राहणं आपल्याला भाग आहे. मान घ्यायचा तर जीव तारण ठेवायचा, असा हा व्यवहार. आगामेम्नॉन तो मोडतो. तेच गाऱ्हाणं दुसऱ्या सर्गात थर्सायटीस भरसभेत मांडतो. त्याच्या बापाचं नावही कवी सांगत नाही. ओडिसियस त्याच्या पाठीत राजदंड हाणतो आणि सगळं सैन्य हसतं. तक्रार तीच, पण ती कोणी करायची हे आधीच ठरलेलं होतं.

नवव्या सर्गात आगामेम्नॉन नमतं घेतो. तिवया, सोनं, बारा शर्यतीचे घोडे, सात शहरं, शिवाय मुलगी देऊ करतो, आणि शेवटी जोडतो की अकिलीसनेही आपल्याला मोठं मानून नमावं. ओडिसियस अकिलीसच्या तंबूत जाऊन सगळी यादी इमानाने म्हणून दाखवतो, फक्त हे शेवटचं वाक्य गाळतो. तरी अकिलीस बधत नाही. गुरंढोरं लुटून आणता येतात, घोडे मिळवता येतात, पण माणसाचा प्राण एकदा दातांच्या कुंपणाबाहेर पडला की परत येत नाही, असं तो म्हणतो. ज्या मानावर सगळ्यांची आयुष्यं बेतलेली, त्याची किंमत काय, असं विचारणारा हा पहिला माणूस. ‘इलियड’ला युद्धाचं गौरवगीत म्हणणाऱ्यांनी हा सर्ग पुन्हा वाचावा.

ट्रॉयच्या बाजूने लढणाऱ्या हेक्टरला असा प्रश्न विचारायची मोकळीक नाही. त्याला लोकलाज बांधून ठेवते. बायको आंद्रोमाखी त्याला विनवते: बाप आणि सात भाऊ अकिलीसने मारले, आई गेली, आता माझे आईबाप, भाऊ, नवरा सगळं तूच. हेक्टरला तिचं म्हणणं पटतं, ट्रॉय पडणार हेही त्याला कळतं, पण मागे राहिलो तर गावातल्या बायाबापड्यांना तोंड कसं दाखवू, एवढंच त्याचं उत्तर. ही लाजच त्याला पुढे तटाबाहेर रोखून धरते आणि मारते.

ही काव्यं वाचताना मला सगळ्यांत जास्त थांबवतो तो चोविसावा सर्ग. मुलाचं, हेक्टरचं, प्रेत मागायला ट्रॉयचा म्हातारा राजा प्रायम रात्री शत्रूच्या तंबूत शिरतो, अकिलीसचे गुडघे धरतो आणि ज्या हातांनी आपली मुलं मारली त्यांचं चुंबन घेतो. दोघेही रडतात, एक हेक्टरसाठी, दुसरा दूर देशी एकट्या पडलेल्या बापासाठी आणि मेलेल्या मित्रासाठी, पॅट्रोक्लससाठी. मग अकिलीस दासींना सांगतो, प्रेत आडोशाला नेऊन धुवा, तेल लावा. प्रायमने ते तसंच पाहिलं तर त्याचा संताप आवरणार नाही, आणि मग आपलाही हात आवरणार नाही, याची त्याला भीती आहे. करुणा त्याला सहज आलेली नाही, तो ती सांभाळून करतो. त्यानंतर मेंढी कापली जाते आणि दोघे जेवतात.

पाहुण्याला आधी जेवू घालायचं आणि मग नाव विचारायचं, हा ‘ओडिसी’तला मोठा नियम. पायलॉसला राजा नेस्टर ओडिसियसच्या मुलाशी, टेलेमॅकसशी, तसाच वागतो. एकडोळ्या पॉलिफीमस उलट करतो: आधी कोण-कुठले विचारतो, मग माणसं खातो, आणि तुला सगळ्यांत शेवटी खाईन हीच तुझी भेट, असं ओडिसियसला ऐकवतो. आपल्या इथाकात भिकाऱ्याच्या वेषात परतलेल्या ओडिसियसला डुकरं राखणारा युमीयस ताट वाढतो. पुष्ट डुकरं वाड्यावर ओडिसियसच्या बायकोला मागणी घालायला जमलेल्यांच्या पोटात जात असतात, म्हणून त्याच्याकडे नोकरांच्या वाट्याची पिल्लंच उरतात. पण वाटसरू आणि भिकारी झ्यूसने पाठवलेले असतात यावर त्याची श्रद्धा आहे. वाड्यातले 108 मागणीदार मात्र दुसऱ्याच्या घरात बसून खातात आणि दारच्या भिकाऱ्यावर चौरंग फेकतात. त्यांचा खरा गुन्हा हा आहे.

असे स्वागताचे प्रसंग जवळपास त्याच ओळींत पुन्हापुन्हा येतात. संशोधक मिल्मन पॅरी आणि आल्बर्ट लॉर्ड यांनी 1930च्या दशकात युगोस्लाव्हियातल्या निरक्षर गायकांची गाणी ध्वनिमुद्रित केली, तेव्हा या पुनरावृत्तीचा उलगडा झाला. गायक तयार ओळींच्या आधाराने ऐन मैफलीत काव्य रचत जातो. ऐकणाऱ्यांची पिढ्यानपिढ्या रीतरिवाजाची उजळणी त्यातूनच होत असणार.

या जगात बायकांच्या वाट्याला काय आलं, हेही कवी दाखवतो. ओडिसियसची बायको पेनेलोपी मागणीदारांना थोपवायला तीन वर्षं सासऱ्याचं कफन दिवसा विणते, रात्री उसवते. बुद्धीत ती नवऱ्याच्या तोडीस तोड आहे. ब्रिसेइस पॅट्रोक्लससाठी विलाप करते, तेव्हा भोवतीच्या बंदिवान बायकाही रडतात: निमित्त त्याचं, दुःख जिचं तिचं. पण ‘ओडिसी’च्या बाविसाव्या सर्गात मागणीदारांशी संबंध ठेवलेल्या बारा दासींकडून आधी रक्ताने माखलेलं दालन धुऊन घेतलं जातं आणि मग टेलेमॅकस त्यांना फासावर लटकवतो. दासीला नकार देता येत होता का, हे तिथे कोणी विचारत नाही. हा प्रसंग मला कधीच पचलेला नाही.

कवी हेसियडने या महाकाव्यांच्याच छंदात शेतकऱ्याची बाजू मांडली. भावाने वडिलोपार्जित जमिनीत जास्त वाटा बळकावला आणि लाचखाऊ सरदारांनी त्याला साथ दिली, या रागातून तो श्रमाची थोरवी सांगतो. तिथेही वाटणीचंच भांडण आहे.

‘ओडिसी’च्या शेवटी मेलेल्या मागणीदारांचे नातलग शस्त्रं घेऊन येतात. सूड थांबवायला झ्यूसला वीज टाकावी लागते आणि अथीनाला मध्ये पडावं लागतं. ‘इलियड’मध्येही प्रेत परत करण्याचा हुकूम देवांचाच आहे, पण पुढचं अकिलीस आपणहून करतो. अंत्यसंस्काराला किती दिवस हवेत, असं तो प्रायमला विचारतो. नऊ दिवस शोक, दहाव्याला दहन, अकराव्याला थडगं, आणि गरजच पडली तर बाराव्या दिवशी लढू, असं म्हातारा म्हणतो. अकिलीस तेवढे दिवस लढाई रोखून धरायचं वचन देतो आणि प्रायमचं मनगट हातात घेतो.