वजनाचा हिशेब

सावंगी (मेघे) येथून सेवाग्राम फार दूर नाही. तेथे राहावयास येण्याच्या काही वर्षे आधी, १९२९ साली, गांधीजींनी साबरमतीस न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग केला होता. पुढे अशक्तपणा आला, पोट बिघडले. तेव्हा त्यांनी तो थांबविला आणि तसे उघडपणे सांगितले. आहाराचे प्रयोग करणारे आजही उदंड आहेत. फसलेला प्रयोग सांगणारे मात्र विरळा.

‘आठ दिवसांत पाच किलो उतरवा’ ही घोषणा आपल्या कानांवर वारंवार पडते. कोणी नुसत्या कोबीच्या सारावर राहावयास सांगतो, कोणी फळांच्या रसावर. आणि नवल असे की, काटा खरोखरच खाली येतो. मग यात खोटे ते काय? थोडा हिशेब मांडून पाहू.

एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी साठविलेल्या असतात. ज्याला दिवसाला २,००० कॅलरी लागतात, त्याने आठ दिवस अन्नाचा कणही घेतला नाही, तरी तूट पडेल ती १६,००० कॅलरींची. म्हणजे चरबी झडेल सुमारे दोनच किलो. उरलेले तीन किलो कोठून गेले? यकृतात व स्नायूंत ग्लायकोजेन नावाची शिल्लक असते. तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेले असते. उपास घडला की ही शिल्लक आधी खर्ची पडते व पाणी निघून जाते. थोडे स्नायूही झिजतात. पुन्हा जेवू लागताच पाणी परत येते. झिजलेला स्नायू मात्र इतक्या सहज भरून येत नाही.

अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ साली अॅन्सेल कीज यांनी स्वेच्छेने आलेल्या ३६ तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवले. वजन चौथाईने घटले. पण थकवा, चिडचिड आणि रात्रंदिवस अन्नाचाच ध्यास लागला. पुढे पोटभर मिळू लागल्यावर त्यांची चरबी पूर्वीपेक्षाही वाढली. उपाशी शरीर सावध होते, ते असे.

आपल्या विदर्भातील कै. डॉ. श्रीकांत जिचकार यांनी दोनच वेळा जेवण्याचा विचार मांडला; डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी तो महाराष्ट्रभर नेला. त्याविषयी जाणकारांत मतभेद आहेत. परंतु तो आठ दिवसांचा चमत्कार म्हणून नव्हे, चालण्याची जोड दिलेली कायमची सवय म्हणून सांगितला गेला, हा फरक ध्यानात घ्यावा.

मधुमेहासाठी इन्सुलिन वा काही विशिष्ट गोळ्या घेणाऱ्याने मनानेच जेवण तोडले, तर रक्तातील साखर एकाएकी उतरून जीवावर बेतू शकते. गर्भवतीने व वाढत्या वयाच्या मुलींनी तर या वाटेस जाऊच नये. डॉक्टरांना विचारण्यात कमीपणा नाही.

कोणी नवा आहार सांगितला, तर स्वतःला एकच प्रश्न विचारावा: हे मी दहा वर्षे करू शकेन काय? ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, अंबाडीची भाजी, तेल-साखरेवर हात आखडता आणि रोजचे चालणे, याला उत्तर ‘होय’ असे येते. महिन्याला दोन किलो उतरले तरी पुष्कळ झाले. टिकते तेच खरे.