सात हिश्शांचा हिशेब

बोकडाचा खालचा ओठ अंगठ्यानं ओढायचा आणि दात बघायचे. बकरी ईदच्या आधीच्या आठवड्यात भिवंडीत हे दृश्य गल्लीगल्लीत दिसतं. दुधाचेच दात असतील तर जनावर 'अदंत', म्हणजे बाद. मधले दोन पडून तिथं दोन रुंद दात उगवले असतील तर वर्ष भरलं. बैलबाजार पाहिलेल्या शेतकऱ्याला ही परीक्षा नवी नाही. मग कान, शिंगं, डोळे, आणि शेवटी दोन पावलं चालवून बघायचं. आंधळं, लंगडं, हाडं वर आलेलं, कान बराचसा तुटलेला असं जनावर कुर्बानीला चालत नाही. घरात नकोसं झालेलं देवाच्या दारात सोडून पुण्य पदरात पाडायची सोयच ठेवलेली नाही.

कुर्बानीमागची कथा हजरत इब्राहिम यांची. मुलाचा बळी देतोय असं त्यांना स्वप्नात दिसलं, मुलानंही मान तुकवली आणि सुरी चालण्याआधीच त्याच्या जागी जनावर आलं. श्रावणात चिलया बाळाची कहाणी ऐकून डोळे पुसलेल्या मराठी माणसाला ही गोष्ट परकी वाटू नये. फरक इतकाच की चांगुणेला उखळापर्यंत जावं लागलं, इब्राहिमना आधीच थांबवलं गेलं. कुराणात त्या मुलाचं नाव दिलेलं नाही, मुसलमानांच्या मान्यतेनुसार तो इस्माईल. कुराणातल्या 'हज' या अध्यायाचं म्हणणं तर याहून स्पष्ट आहे: जनावराचं मांस आणि रक्त अल्लाहपर्यंत जात नाही, करणाऱ्याची परहेजगारी, म्हणजे धर्मनिष्ठा, तेवढी पोचते. बाकीचे सगळे नियम याच वाक्याभोवती फिरतात, असं मला वाटतं.

पण कुर्बानी करायची कुणी? भिवंडीत या प्रश्नाला एकाच रस्त्यावर दोन उत्तरं मिळतात. इथले जुने रहिवासी कोकणी मुसलमान. ते शाफई पंथाचे. १८५७ नंतर उत्तरेतून हातमाग घेऊन आलेले मोमीन-अन्सारी विणकर हनफी. शाफई मतानुसार कुर्बानी ही आग्रहाची सुन्नत, म्हणजे पैगंबरांचा पायंडा, आणि घरातल्या एकानं केली तरी घराची झाली. हनफी मतानुसार ती वाजिब, म्हणजे बंधनकारक, आणि तीही माणसागणिक. ज्याच्याकडे गरजा भागून साडेबावन्न तोळे, म्हणजे ६१२.३६ ग्रॅम चांदीच्या किमतीएवढी मालमत्ता उरते, त्याच्यावर ती येते. जकातीसारखी वर्षभर ती हाती असण्याचीही अट नाही. सोन्याचे आजचे भाव पाहता तोळाभर दागिना आणि गाठीला थोडी रोकड असलेली बाईसुद्धा या हिशेबात बसते. नवऱ्यानं केली म्हणून तिची सुटत नाही. एकाच घरात दोन-तीन कुर्बान्या का होतात, याचं उत्तर पुष्कळदा थाटात नसतं, या मोजणीत असतं.

तीन बोकड परवडणार कुणाला? इथं हिस्सा येतो. बोकड-मेंढी एकाच्या नावावर, मोठं जनावर सातांच्या. महाराष्ट्रात १९७६ च्या प्राणी संरक्षण कायद्यानं गोहत्याबंदी होतीच; २०१५ च्या दुरुस्तीनं बैल आणि वळूही त्यात आले. मुंबई उच्च न्यायालयानं ६ मे २०१६ रोजी ही बंदी कायम ठेवली. त्यामुळे इथे मोठं जनावर म्हणजे रेडा, बोलीत 'पाडा'. महापालिका ईदपुरती तात्पुरती कुर्बानी केंद्रं उभारते. हिश्शांच्या याद्या मात्र कारखान्यात, चहाच्या टपरीवर, मशिदीच्या पायरीवर आधीच तयार होतात.

अशीच एक यादी मी एका यंत्रमाग कारखान्याच्या ओट्यावर पाहिली. मेहताजी कापडाचे मीटर लिहितात त्याच वहीच्या मागच्या पानावर ती होती. सात आकडे, सहा नावं. सातव्या जागेवर नुसतं 'अम्मी'. मेहताजींची आई जाऊन काही वर्षं झाली होती. "तिच्या नावचा हिस्सा मी घेतो," ते म्हणाले. "सवाब तिला." सवाब म्हणजे पुण्य.

आणि मग त्यांनी जे सांगितलं ते मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. हनफी फिक्हनुसार, म्हणजे धर्मशास्त्रानुसार, सातांपैकी एकाचाही हेतू नुसतं मटण घ्यायचा असेल, तर सातांचीही कुर्बानी बाद! एकाची नियत ढळली की उरलेल्या सहांचे पैसेही काही उपयोगाचे नाहीत. शाफईंकडे असं नाही, तिथं ज्याचं त्याच्यापाशी. "म्हणून हिस्सेदार पारखून घ्यावे लागतात," मेहताजी हसत म्हणाले. "जनावराचे दात दिसतात, साहेब. माणसाचे कुठं बघायचे?"

वाटणीतही तोच काटेकोरपणा. सातजणांत मांस अंदाजानं वाटायचं नाही, तोलूनच द्यायचं. मांसाच्या बदल्यात मांस कमीजास्त गेलं तर फुकाचा वाढावा होतो आणि वाढावा म्हणजे व्याज. कुणाची हरकत नसली तरी तोलायचंच. त्या ओट्यावर ईदच्या दुपारी मेणकापडावर सात ढीग होते, मध्ये तराजू, आणि एक पोरगा बोटभर तुकडा या ढिगातून त्या ढिगात टाकत काटा मध्यावर येण्याची वाट बघत होता. आपल्या हिश्शाचे पुढे पुन्हा तीन भाग करावेत असा संकेत: एक घरात, एक नातलग-शेजाऱ्यांत, एक गोरगरिबांत.

पुण्य किती? जनावराच्या अंगावर जितके केस तितक्या नेक्या, हे वाक्य भिवंडीत लहान मुलंही सांगतात. ती हदीस, म्हणजे पैगंबरांची म्हणून सांगितली जाणारी उक्ती, 'इब्न माजा' या संग्रहात आहे. हदीसच्या पारख्यांनी मात्र तिला कच्च्या परंपरेची ठरवलंय. तुलनेनं पक्क्या हदीस कमी चमकदार आहेत आणि मला त्याच आवडतात. सुरी चांगली धारदार करा, जनावराला आराम द्या, हे त्यातलंच. सुरीला धार जनावरासमोर लावायची नाही आणि एकासमोर दुसरं कापायचं नाही, ही पथ्यंही त्याच वळणाची. कुर्बानी करणाऱ्यानं जिल्हिज्ज या ईदच्या महिन्याचा चंद्र दिसल्यापासून नखं-केस कापू नयेत, हीसुद्धा अशीच एक. दहा दिवसांची वाढलेली दाढी-नखं म्हणजे न बोलता केलेली तयारी.

दिवसांच्या बाबतीतही थोडी सैल दोरी आहे. हनफींना १० ते १२ जिल्हिज्ज, शाफईंना १३ पर्यंत मुभा. महाराष्ट्रानं तिचा उपयोग करून दाखवलाय. २०२२ मध्ये १० जुलैला आणि २०२३ मध्ये २९ जूनला आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली. तेव्हा राज्यात अनेक ठिकाणी मुसलमानांनी त्या दिवशी नमाज पढून कुर्बानी पुढं ढकलली. हा योगायोग वाटतो तितका आश्चर्याचा नाही. इस्लामी महिना चंद्रकोर दिसल्यावर सुरू होतो, म्हणून त्याची दहावी तारीख कुठल्या ना कुठल्या शुद्ध एकादशीच्या आगेमागेच पडते. महिना तेवढा बदलतो. २०२३ च्या अधिक श्रावणानं आषाढाची गाठ सुटली आणि २०२४ ची ईद ज्येष्ठात गेली.

दुसरी वाटही याच राज्यात आहे. हमीद दलवाईंनी १९७० मध्ये स्थापन केलेलं मुस्लिम सत्यशोधक मंडळ बकरी ईदला रक्तदानाचं आवाहन करतं. त्याग हाच अर्थ असेल तर रक्त आपलं द्यावं, असा त्यांचा युक्तिवाद. उलेमांना तो मान्य नाही. दान कितीही मोठं असलं तरी वाजिब कुर्बानीची जागा घेत नाही, असं ते म्हणतात.

त्या दुपारी शेवटचा ढीग पिशवीत गेल्यावर कसाई हात धुऊन आला. जनावरातलं काहीही, मांस नाही, कातडं नाही, त्याला मजुरी म्हणून देता येत नाही. मेहताजींनी नोटा मोजून त्याच्या हातावर ठेवल्या. त्यानंही मोजल्या, खिशात घातल्या, तो उठला. दोन पावलं जाऊ दिली आणि मग मेहताजींनी आपल्या हिश्शातली एक पिशवी उचलून हाक मारली, "चाचा, ही घेऊन जा. मजुरीत नाही हं."

चाचांनी पिशवी घेतली. "माहितीये," म्हणाले, आणि पुढच्या गल्लीत वळले.