पाण्यावर तरंगणारा तांदूळ
पानातले समज-गैरसमज : लेखांक ६

शाळेतल्या जेवणाबद्दलच्या अफवांमध्ये सगळ्यांत चिवट अफवा प्लास्टिकच्या तांदळाची. म्हैसूर जिल्ह्यातली ‘अक्षर दासोह’ योजना असो की आपल्याकडचा शालेय पोषण आहार, परातीतल्या तांदळावर पाणी ओतलं की कधी कधी काही दाणे वर येतात. इतरांपेक्षा पांढरेफटक, एकाच मापाचे, साच्यातून काढल्यासारखे. ते खरोखरच साच्यातून काढलेले असतात, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. जिथे एका मोठ्या स्वयंपाकघरातून हजारो मुलांचं जेवण गाडीने शाळोशाळी जातं, तिथे हा दाणा सहसा कुणाच्या नजरेत येत नाही. खेड्यातल्या शाळेत बाई हाताने तांदूळ निवडते, धुते. तिला तो लगेच खटकतो. तिला अडाणी म्हणून मोडीत काढणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं, की तांदूळ नीट बघणारीलाच ही शंका येते.

हा दाणा तांदळाचाच आहे. कणीचं पीठ करून त्यात लोह, फोलिक आम्ल आणि बी-१२ जीवनसत्त्व मिसळतात, ते भिजवून सोऱ्यातून शेव पाडावी तसं यंत्रातून दाबून काढतात, तांदळाच्या मापाने कापतात आणि वाळवतात. साध्या तांदळाच्या शंभर भागांत असा एक भाग घालतात. प्राथमिक शाळेतल्या मुलाच्या वाट्याला रोज १०० ग्रॅम तांदूळ येतो. त्यात अदमासे पाच हजार दाणे धरले, तर हे पन्नासेक निघतील. दाबून घडवलेल्या दाण्यात बारीक पोकळ्या राहतात, म्हणून त्यातले काही तरंगतात. भाताचा गोळा चेंडूसारखा उसळतो, हा पुरावाही मोबाइलवर फिरतो. पण कुठल्याही शिजलेल्या भातातलं पिष्ट चिकट होतं, तो घट्ट वळला की थोडा उसळणारच. शिवाय प्लास्टिकचे दाणे तांदळापेक्षा महाग पडतात, म्हणजे अशी भेसळ करणाऱ्याला तोटाच. तरीही खात्री करायची असेल, तर दाणा चुरडून त्यावर टिंक्चर आयोडीनचा थेंब टाकावा. पिष्ट असेल तर काळपट निळा रंग येतो. प्लास्टिकवर तो येणार नाही.

मग प्रश्न मिटला का? इथेच माझी सरकारी खुलाशांशी फारकत होते. ‘हे प्लास्टिक नाही’ एवढं पत्रक काढलं की अधिकारी मोकळे होतात. चुकीच्या आरोपाचा हा मोठा तोटा : उत्तर सोपं असतं आणि अवघड प्रश्न तसाच राहतो. १५ ऑगस्ट २०२१ ला पंतप्रधानांनी सरकारी योजनांतला सगळा तांदूळ २०२४ पर्यंत असा पोषणयुक्त करण्याची घोषणा केली. तांदूळ पोत्यांतून शाळांत पोचला; तो धुणाऱ्या बाईला मात्र समजावून कोणी सांगितलं? तिने तरंगणारे दाणे पोचट समजून पाण्याबरोबर ओतून दिले, तर ज्यासाठी हा खटाटोप केला ते लोह मोरीत जातं.

उणीव असलेला घटक नेहमीच्या खाण्यात मिसळून द्यायचा, ही कल्पना नवी नाही. खुद्द म्हैसूरच्या चेलुवांबा महालात १९५० पासून असलेल्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने शेंगदाण्याच्या पेंडीचं पीठ तीन भाग आणि हरभऱ्याचं एक भाग घेऊन, त्यात जीवनसत्त्वं व कॅल्शियम घालून ‘बहुउद्देशीय अन्न’ तयार केलं होतं. पण त्याचा पायाच प्रथिनांचा होता. इथे पाया पांढऱ्या तांदळाचा आहे आणि लोह वरून घातलेलं आहे. त्याने रक्तक्षय हटतो का? कोक्रेनच्या २०१९ च्या आढाव्यानुसार अशा तांदळाने लोहाची उणीव थोडी भरून येऊ शकते, रक्तक्षयाच्या प्रमाणात मात्र फारसा फरक दिसत नाही. मुळात रक्तक्षय किती, यावरही एकमत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालच्या ६७ टक्के मुलांना तो आढळला. बोटाऐवजी शिरेतून रक्त घेणाऱ्या २०१६-१८ च्या सर्वंकष पोषण पाहणीत एक ते चार वर्षांच्या ४१ टक्के आणि पाच ते नऊ वर्षांच्या २४ टक्के मुलांना. सिकलसेलचा मुद्दाही आहे. म्हैसूर-चामराजनगरच्या जंगलपट्टीतल्या आदिवासींत तो आहे, तसाच आपल्या गडचिरोली-नंदुरबारमध्येही. अशा रुग्णांना सावध करणारी सूचना पाकिटावर छापण्याचा नियम २०१८ मध्ये होता; धोक्याचा पुरावा नाही असं सांगत २०२४ मध्ये ती काढली. ती काढण्यामागची कारणं पालकांना त्यांच्या भाषेत समजायला हवी होती.

कोणी म्हणेल, काहीच न मिळण्यापेक्षा हे बरं. खरं आहे, पण पर्याय एवढाच नाही. पांढऱ्या तांदळात १०० ग्रॅममागे लोह एक मिलिग्रॅमही नसतं, हे दाणे मिसळून ते २.८ ते ४.२५ मिलिग्रॅमने वाढतं. आणि जुन्या म्हैसूर प्रांताचं रोजचं अन्न असलेल्या नाचणीत ते मुळातच साडेचारच्या आसपास आहे. नाचणीतलं सगळं लोह अंगी लागत नाही, फायटेट आडवं येतं, हा आक्षेप रास्त. पण कॅल्शियम आणि चोथा ती सोबत आणते, ते या दाण्यात नाही. कर्नाटकाने २०२४ मध्ये शाळेच्या दुधात नाचणीचं मिश्रण द्यायला सुरुवात केली, ते याच दिशेचं शहाणं पाऊल.

शाळा व्यवस्थापन समितीवर असलेल्या पालकांनी पुढच्या बैठकीत तरंगणाऱ्या दाण्याबद्दल जरूर विचारावं. ‘हे प्लास्टिक आहे का?’ असं न विचारता पोत्यावर ‘+एफ’ची खूण आहे का ते बघावं, धुतलेलं पाणी कसं ओततात ते विचारावं आणि डाळीची नोंदवही मागावी. नियमाने प्राथमिकच्या प्रत्येक मुलामागे २० ग्रॅम डाळ आहे. शंभर मुलं जेवली असतील, तर त्या दिवशी दोन किलो डाळ शिजलेली असली पाहिजे.