चौसष्ट मात्रा

न्यू जर्सीत भावाच्या घरी जेवणाच्या टेबलावर महिनाभर एक काळी फाइल मुक्काम करून होती. जाडजूड, तीन कड्यांची. आमटीचं पातेलं तिच्या कडेने ठेवावं लागे, पण तिला हलवायची कुणाची छाती नव्हती. फाइल माझ्या पुतणीची. वय १७, शाळेचं शेवटचं वर्ष, आणि तिला कॉलेजात म्युझिकल थिएटर शिकायचंय. एका दुपारी मी ती उघडली. आत गाण्यांचं नोटेशन होतं, पण एकही गाणं पूर्ण नव्हतं. कुठे पहिली दोन पानं गायब, कुठे मधल्या ओळींवर पांढरा कागद चिकटवलेला, कुठे लाल पेन्सिलीने एका ओळीवरून थेट खालच्या तिसऱ्या ओळीवर मारलेली उडी.

"गाणी अशी का कापलीस गं?"

"आत्या, कापणं हेच तर काम आहे," ती म्हणाली. "दीड मिनिटाच्या पुढे कुणी ऐकत नाही."

दीड मिनिट! मी ज्या घरात वाढले तिथे दीड मिनिटात तंबोरासुद्धा लागत नसे. आपल्या संगीत नाटकाची रीत याच्या नेमकी उलटी. १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' उभं राहिलं, तेव्हापासून पद ही फुलवायची गोष्ट. बालगंधर्वांच्या पदांना 'वन्स मोअर' पडत जाई आणि रात्र लांबत जाई. त्यामुळे या कापाकापीकडे मी आधी थोडी दुखावून पाहिलं. मग हळूहळू त्यातली कारागिरी दिसू लागली, आणि आता मला दुसरं काही सुचत नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. गाणं, अभिनय आणि नाच हे तिन्ही एकत्र शिकवणारी चार वर्षांची पदवी अमेरिकेत बऱ्याच विद्यापीठांत मिळते. नाटकाच्या पदवीचा तिथला पहिला अभ्यासक्रम पिट्सबर्गच्या कार्नेगी संस्थेत १९१४ मध्ये सुरू झाला. सिनसिनाटीच्या कॉन्झर्वेटरीत १९६८ पासून खास म्युझिकल थिएटर शिकवतात. नावाजलेल्या ठिकाणी वर्षाला वीस-पंचवीस मुलं घेतात आणि अर्ज हजाराच्या वर येतात. शाळेचे मार्क आणि निबंध पाहिले जातातच, पण खरी कसोटी ऑडिशनची. तीही दोन टप्प्यांत. शरद ऋतूत घरून चित्रफिती पाठवायच्या, त्यातून निवड झाली तर हिवाळ्यात परीक्षकांसमोर उभं राहायचं. एक मुलगी दहा-पंधरा कॉलेजांना अर्ज करते. काही वर्षांपूर्वीपर्यंत प्रत्येक कॉलेजची मागणी निराळी असे; आता बऱ्याच कॉलेजांनी मिळून एक सामाईक साचा ठरवलाय, त्यामुळे मुलांचा जीव थोडा भांड्यात पडला. दोन गाणी, प्रत्येकी साठ ते नव्वद सेकंद. एक-दोन संवादखंड. थोडा नाच. आणि कॅमेऱ्यासमोर आपलं नाव.

पुतणीच्या फाइलमध्ये खणांवर आकडे लिहिले होते: १६ आणि ३२. हे बार. पाश्चात्त्य गाण्यात एका बारात बहुधा चार मात्रा असतात. सोळा चोक चौसष्ट. म्हणजे 'सोळा बार गा' असं सांगितलं की त्या मुलीला तीनतालाची चार आवर्तनं मिळाली. मिनिटाला १२० मात्रांची लय धरली तर बत्तीस सेकंद. विलंबित ख्यालात एवढ्या वेळात समसुद्धा येत नाही!

पण हा सोळाचा आकडा कुठून आला हे कळलं तेव्हा मी फाइल मिटून नुसती बसून राहिले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात न्यूयॉर्कच्या गीतकारांनी गाण्याचा एक बांधा घट्ट केला: बत्तीस बार, आठ-आठचे चार तुकडे. पहिला, दुसरा आणि चौथा तुकडा एकाच चालीचा, तिसरा वेगळा. आपल्या भाषेत मुखडा, मुखडा, अंतरा, मुखडा. शेवटचे सोळा बार घेतले की हाती येतो अंतरा आणि परतलेला मुखडा. गोष्टीच्या दृष्टीने हाच गाण्याचा गाभा. अंतऱ्यात चाल अनोळखी रस्त्याला लागते, पात्राचं मन डळमळतं, आणि मुखडा परत येतो तेव्हा सूर तेच असले तरी गाणारी तीच राहिलेली नसते. म्हणून अर्धं गाणंही पुरतं. कात्री कुठे लावायची ते गाण्याच्या बांध्यातच ठरलेलं असतं, ती जागा दिसावी लागते इतकंच.

एथेल मर्मन नावाची एक स्टेनोग्राफर होती. १४ ऑक्टोबर १९३० ला, बावीस वर्षांची असताना, ती 'गर्ल क्रेझी' या नाटकात पहिल्यांदा ब्रॉडवेवर उभी राहिली. संगीत जॉर्ज गर्श्विनचं, आणि त्या रात्री वाद्यवृंद चालवायला तो स्वतः. तिच्या एका गाण्याच्या दुसऱ्या फेरीत वाद्यवृंदाने चाल वाजवली आणि तिने एकच उंच सूर धरला, तो सोळा बार सोडलाच नाही. प्रेक्षागृह उसळलं. सोळा बार केवढे मोठे असू शकतात याचा यापेक्षा चांगला दाखला मला माहीत नाही.

मर्मनचा हा जो आवाज, त्याला बेल्टिंग म्हणतात. आपल्याला तो परका वाटायचं कारण नाही. शेताच्या या बांधावरून त्या बांधावरच्या माणसाला हाक मारताना जो आवाज लागतो, तोच सुरात धरायचा. गळ्यातल्या दोन पट्ट्या दर कंपनात अधिक वेळ मिटलेल्या राहतात, त्यांच्याखाली हवेचा दाब वाढतो, तोंड मोठं उघडतं आणि आवाजाला धातूसारखी धार येते. पेटीच्या मध्य सप्तकातल्या धैवताच्या जागी, म्हणजे पाश्चात्त्यांच्या 'ए'वर, या पट्ट्या सेकंदाला ४४० वेळा उघडतात-मिटतात. थोडा खालचा 'ई' धरला तरी सेकंदाला ३३० वेळा. मिनिटभर तो टिकवला तर जवळजवळ वीस हजार वेळा. आणि हे अशा गळ्यात, जो वयाच्या सतराव्या वर्षी अजून पुरता पिकलेलाही नाही. म्हणून चांगले शिक्षक मुलांना बजावतात, सगळ्यात उंच सूर लावण्यापेक्षा थंडी-खोकल्याच्या सकाळीही जो हमखास लागेल तो निवडा.

सामाईक साच्यात आणखी एक अट आहे: दोन गाण्यांपैकी एक १९७०च्या आधीचं हवं आणि एक नंतरचं. मला हा आकडा आधी मनमानी वाटला. पण तो अमेरिकन संगीत नाटकाच्या मधोमध असलेली खिंड आहे. १९४३ च्या 'ओक्लाहोमा!'पासून पुढची पंचवीसेक वर्षं तिथले लोक सुवर्णयुग मानतात. त्या काळची गाणी लांब श्वासाची, स्वर मोकळे ठेवणारी. गायकाची भिस्त बव्हंशी स्वतःच्या गळ्यावर. मग १९६८ मध्ये 'हेअर'ने ब्रॉडवेवर रॉक आणलं, १९७० मध्ये संगीतकार सोंडहाइमचं 'कंपनी' आलं, ज्यात सलग कथानकच नाही, आणि पुढच्या वर्षांत अंगावर लावायचे मायक्रोफोन रूढ झाले. कुजबुजही शेवटच्या रांगेत पोचू लागली. गाणं बोलण्याच्या जवळ आलं, शब्द दाटीने बसू लागले. त्यामुळे या दोन गाण्यांतून परीक्षकाला एकाच गळ्यात दोन काळ ऐकू येतात. आपल्याकडे 'एक पद 'मानापमान'मधलं गा आणि एक आजच्या चित्रपटातलं' असं कुणी सांगितलं, तर जी परीक्षा होईल तीच ही.

आता त्या काळ्या फाइलकडे परत येते, कारण माझ्या मते सगळ्यात मोठं नवल तिथेच आहे. आपल्याकडे पेटीवाला कानाने साथ करतो. गायिका पट्टी सांगते, 'काळी चार' किंवा 'पांढरी दोन', आणि तो तिच्यामागून सावलीसारखा येतो. तिथे ऑडिशनच्या खोलीत पियानोवर जो माणूस बसलेला असतो, त्याने या मुलीला जन्मात पाहिलेलं नसतं. तालीम नाही, ओळख नाही. ती फाइल उघडून त्याच्यापुढे ठेवते आणि तो कागद पाहून त्याच क्षणी वाजवू लागतो. दिवसभरात अशा कितीतरी मुलांसाठी. मला हे जवळजवळ अशक्य वाटतं, आणि तो मात्र ते सहज करतो, जर कागद नीट असेल तर.

म्हणून तो कागद नीट करण्यासाठी आमच्या घरात आठवडाभर खटपट चालली होती. पानं पाठपोट लावायची, म्हणजे उलटायला कमी लागतात. जिथे सुरू करायचं आणि जिथे थांबायचं तिथे ठळक खूण. झेरॉक्स काढताना पानाची खालची कड तुटली तर डाव्या हाताचे खर्जाचे सूर उडतात आणि पियानोवाल्याच्या पायाखालची जमीनच जाते, म्हणून प्रत्येक पानाची खालची ओळ बोट फिरवून तपासायची. सुरांची नावंसुद्धा. तीच काळी एक कागदावर दोन नावांनी लिहिता येते: एका नावाने लिहिली तर सुरुवातीला सात तीव्र चिन्हं, दुसऱ्या नावाने लिहिली तर पाच कोमल. ऐकायला फरक शून्य. पण अनोळखी माणसाच्या डोळ्यांवर दया करायची असेल तर पाचवाली प्रत न्यायची. सतरा वर्षांच्या मुलीला न भेटलेल्या साथीदाराची ही काळजी करताना पाहून मला फार बरं वाटलं.

अभिनयाचं काम तुलनेने उघड आहे, तरी त्यात एक बारकावा आहे. मी त्याला स्वगत म्हटलं तर पुतणीने लगेच दुरुस्त केलं. स्वगतात माणूस स्वतःशी बोलतो. इथे बहुतेक वेळा तो कुणाशी तरी बोलत असतो, फक्त ते कुणीतरी खोलीत नसतं. छापील नाटकातला आपल्या वयाच्या पात्राचा प्रसंग घ्यायचा, समोरच्याची वाक्यं काढून टाकायची, आणि ती ऐकू येताहेत अशा चेहऱ्याने आपली म्हणायची. चित्रीकरणात नजर कॅमेऱ्याच्या किंचित बाजूला ठेवतात. तिथे आई उभी आहे, की ज्याने फसवलं तो मित्र, हे मुलीने ठरवलेलं नसेल तर दहा सेकंदांत कळतं. गाण्यालाही हाच नियम. तिची शिक्षिका तिला सूर लागायच्या आधी विचारते, 'आत्ता, या क्षणाच्या आधी काय घडलं?'

नाचाबद्दल मी फार सांगू शकत नाही. चित्रफितीत बॅले किंवा जॅझ, तीस ते साठ सेकंद, आणि कॅमेऱ्यात पाय दिसलेच पाहिजेत.

एक खण मात्र मला फार आवडला. काही कॉलेजं एक मिनिट मोकळं सोडतात: तुम्हाला जे दाखवावंसं वाटेल ते दाखवा. कुणी चेंडू झेलतं, कुणी कविता वाचतं, कुणी स्वयंपाक करतं. आमच्या मुलीने गॅरेजमध्ये ताशा गळ्यात अडकवला. तिकडे गणपतीत ढोल-ताशा पथकं निघतात, ती तीन वर्षं त्यात वाजवते. बाकी सगळ्या चित्रफिती आठ-आठदा काढल्या. ही एकदाच काढली. त्यात ती हसत नाहीये, अजिबात, आणि तरी तिच्याकडे पाहताना आपण हसायला लागतो.

पुढे जानेवारी-फेब्रुवारीत पुष्कळ कॉलेजं एकाच शहरात एकत्र जमून ऑडिशन घेतात, न्यूयॉर्क, शिकागो, लॉस एंजेलिस अशी. शिकागोत हे वर्षानुवर्षं पामर हाऊस या जुन्या हॉटेलात चालत आलंय. बाहेर बर्फ, आत मजल्यामजल्यावर मुलं भिंतीकडे तोंड करून गळा गरम करताहेत. एका खोलीतून बाहेर पडून दुसऱ्या खोलीत, तेच दीड मिनिट नव्याने.

जायच्या आदल्या रात्री तिने मला टेबलापाशी बसवलं. म्हणाली, आत्या, तू पियानोवाली हो. मला तिच्या कागदावरचं अक्षरही वाचता येत नाही, तेही मी सांगितलं. चालेल, म्हणाली. तिने फाइल माझ्यापुढे उघडली, वाकून सुरुवातीच्या खुणेवर बोट ठेवलं, मग शेवटच्या. लय सांगायला चुटक्या वाजवायच्या नाहीत, तो उद्धटपणा समजतात; म्हणून तिने गाण्यातली सगळ्यात दाट शब्दांची ओळ माझ्या कानाशी हलकेच गुणगुणली, जेमतेम दोन बार. आणि टेबलावर माझं बोट आपोआप मात्रा धरू लागलं. तिने ते बोट पाहिलं, सरळ उभी राहिली, भिंतीकडे, म्हणजे त्या क्षणी तिच्यासमोर जे कोण होतं त्याच्याकडे पाहिलं, आणि मला मान हलवून खूण केली.