जिओबुकचा अंदाज आणि पेणची पेढी

३१ जुलै २०२३ रोजी रिलायन्सने नवे जिओबुक जाहीर केले. किंमत १६,४९९ रुपये, वजन किलोभराच्या आत, विक्री ५ ऑगस्टपासून. रोहा तालुक्याला ही बातमी परक्या कंपनीची नव्हती. नागोठण्याचा कारखाना चालवणारी आयपीसीएल २००२ मध्ये रिलायन्सच्या ताब्यात गेली, आणि २००७ च्या विलीनीकरणात तिच्या पाच समभागांमागे रिलायन्सचा एक समभाग मिळाला. ज्या घरांनी ते समभाग जपून ठेवले, तिथे साहजिकच प्रश्न निघाला: हा संगणक खपणार किती?

अशा वेळी गुंतवणूकदार हाताशी असेल त्यावरून ताळा बांधतो. ऑनलाइन विक्रीच्या यादीतला क्रमांक, खरेदीदारांचे अभिप्राय, दुकानातली गर्दी. २०१७ मध्ये जिओफोनच्या नोंदणीने साठ लाखांचा आकडा दिला होता. पण तिथे नोंदवणाऱ्याने प्रत्येकी पाचशे रुपये आधी मोजले होते. अभिप्राय लिहायला पैसे पडत नाहीत. शिवाय दुकानात पोहोचलेला माल आणि घरात पोहोचलेला माल यांत किती अंतर असते, हे व्यापाऱ्याला सांगायला नको. त्यातच ३ ऑगस्टला केंद्र सरकारने संगणकांच्या आयातीवर परवान्याचे बंधन जाहीर केले आणि दुसऱ्याच दिवशी ते ऑक्टोबरअखेरपर्यंत पुढे ढकलले. त्या आठवड्यातली खरेदी गरजेची किती आणि भाववाढीच्या धास्तीची किती, हे कोणी निवडून दाखवावे?

आता थोडा हिशेब करू. समजा, एक लाख जिओबुक खपली. विक्री झाली सुमारे १६५ कोटींची, तीही कर धरून. रिलायन्सची २०२२-२३ ची एकत्रित उलाढाल ९,७६,५२४ कोटी रुपये होती. म्हणजे शंभर रुपयांत पावणेदोन पैसेसुद्धा भरत नाहीत. दहा लाख खपली, तरी सतरा पैसे. समभाग ठेवावा की विकावा, हे या आकड्यावर ठरवणाऱ्याने तराजूच चुकीचा निवडला आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

हाच अंदाज पेणच्या बाजारपेठेत संगणक विकणाऱ्या पेढीला मात्र सोडवावाच लागतो. दिवाळीसाठी तीस-तीस हजारांचे दहा संगणक भरले, तर तीन लाख अडकतात. आयातबंदीच्या बातमीने घाऊक व्यापारी म्हणणार, आजच उचला, उद्या भाव चढतील. आणि निम्म्या किमतीचे यंत्र पाहून आलेले गिऱ्हाईक पायरीवरूनच परतले, तर व्याज कुणाच्या खात्यातून जायचे? मुलाच्या अभ्यासापुरता संगणक हवा असणाऱ्याला चार जीबी स्मृती चालून जाईल. ज्याला दुकानाचा हिशेब ठेवायचा आहे, तो तेवढ्यावर थांबणार नाही. गिऱ्हाइकांतले पहिल्या प्रकारचे किती, हे पेढीला गेल्या दोन वर्षांच्या बिलबुकातून काढता येते. कंपनीच्या तिमाही निकालात ते उत्तर नाही.

पेणचे मूर्तिकारही चतुर्थीच्या कितीतरी महिने आधी मागणीचा अंदाज बांधतात. पण त्यांची उरलेली मूर्ती नीट ठेवली, तर पुढच्या वर्षी रंगाचा हात फिरवून विकता येते. संगणकाचे वय खोक्यातही वाढत असते. म्हणून आधी तीन नग घ्यावेत, नवरात्रापर्यंत उठाव पाहावा आणि उरलेले सात तेव्हाच्या भावाने मागवावेत. नगामागे चार पैसे जास्त पडतील. ते पडू द्यावेत.