आकडा मोठा, तरी चित्र अडखळते!

संगणक आणि मोबाईलच्या बाजारात सध्या एका आकड्याला फार भाव आला आहे. तो आकडा म्हणजे एफपीएस, अर्थात एका सेकंदात तयार होणाऱ्या चित्रांची किंवा फ्रेमची संख्या. ६० पेक्षा ९० चांगले, ९० पेक्षा १४४ चांगले, असे समजून गिऱ्हाईक पैसे मोजते आणि दुकानदारही त्याच आकड्यावर माल विकतो. औरंगपुरा, गुलमंडी, पैठण गेट या भागात कापडाच्या दुकानांच्या शेजारीच मोबाईल व संगणकाची दुकाने आहेत. त्यामुळे ही भाषा आम्हा कापडवाल्यांच्या कानावरही रोज पडते आणि तिच्यासोबत एक तक्रारही पडते : "आकडा तर १२० दाखवतो, पण गेम अटकत अटकत चालतो."

या तक्रारीवरून भांडणे होतात. बापाने हप्त्यांवर साठ-सत्तर हजारांचे यंत्र घेऊन दिलेले असते. मुलगा म्हणतो, माल खराब आहे. दुकानदार पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा दाखवून म्हणतो, "चाचा, मशीन ठीक आहे, पोराला भास होतो." वास्तविक दोघेही खरे बोलत असतात. आकडा खोटा नसतो आणि डोळाही खोटा नसतो. आकडा सरासरी सांगतो, डोळा मात्र एका चित्रापासून दुसऱ्या चित्रापर्यंतचे अंतर पाहतो. हा फरक व्यापारी वाचकांनी नीट समजून घेणे जरुरीचे आहे. कारण यात गिऱ्हाइकाचा पैसा आणि दुकानदाराची पत दोन्ही पणाला लागतात.

कापडाचा दाखला

आमच्या धंद्यात ही गोष्ट जुनी आहे. मालेगाव किंवा भिवंडीहून ६० पिकचे कापड मागवले, म्हणजे दर इंचात बाण्याचे ६० धागे हवेत. आता एका इंचात ७५ धागे ठोकले आणि दुसऱ्या इंचात ४५, तर दोन इंचांची सरासरी बरोबर ६० येते. कागदावर माल पास! पण तेच कापड उजेडासमोर धरा. एक दाट पट्टी, एक विरळ पट्टी स्पष्ट दिसते. असा माल कोणताही जाणता व्यापारी घेणार नाही. आपल्या शहराच्या हिमरूचे घ्या. विणकराच्या फणीचा ठोका एकसारखा पडला नाही, तर नक्षीतले एक फूल बुटके आणि दुसरे लांबट होते, मग एकूण धागे कितीही बरोबर असोत. पडद्यावरच्या चित्राचे नेमके हेच आहे.

साठ चित्रे, पण कशी?

हिशेब सोपा आहे. एका सेकंदात १००० मिलिसेकंद असतात. ६० चित्रे सारख्या अंतराने आली तर प्रत्येकाला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात आणि हालचाल सलग वाटते. आता समजा, ५९ चित्रे १०-१० मिलिसेकंदांत तयार झाली; त्यांचे ५९० झाले. उरलेल्या एका चित्राला ४१० मिलिसेकंद लागले. एकूण सेकंद एकच, चित्रे ६०. मोजणारा आकडा ६० च दाखवील. पण खेळणाऱ्याला जवळजवळ अर्धा सेकंद सर्व काही गोठलेले दिसेल आणि तेवढ्यात समोरचा त्याला मारून जाईल.

ही बाब जगाच्या बाजारातही उशिरा उघड झाली. सप्टेंबर २०११ मध्ये 'टेक रिपोर्ट' या अमेरिकन प्रकाशनात स्कॉट वॉसन यांनी सेकंदाची सरासरी न मांडता प्रत्येक चित्राला लागलेला वेळ मोजून मांडला. त्या काळी हौशी लोक दोन-दोन ग्राफिक कार्डे जोडून यंत्र बनवीत. आकडा भरपूर वाढे. पण दोन चित्रे जोडीने लागोपाठ येत आणि मग खंड पडे. खर्च दुप्पट, गुळगुळीतपणा मात्र तितका नाही. ही टीका वाढल्यावर एएमडी कंपनीने ऑगस्ट २०१३ मध्ये चित्रांमधले अंतर सारखे राखणारे सॉफ्टवेअर दिले.

सिनेमाला चोवीस कशी पुरतात?

येथे कोणी विचारील की, सिनेमात तर सेकंदाला २४ च चित्रे असतात, मग तो का अडखळत नाही? उत्तरासाठी आपल्या महाराष्ट्राकडेच पाहावे. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली लंडनहून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणला. तो हाताने दांडा फिरवून चालवावा लागे. चित्राची चाल मनगटाच्या ठेक्यावर अवलंबून असे. 'राजा हरिश्चंद्र' हा १९१३ सालचा चित्रपट काढण्यापूर्वी त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाचे रोज एक याप्रमाणे सुमारे महिनाभर चित्र घेतले आणि रोप भराभर वाढताना पडद्यावर दाखवले. त्यांनी मधले चार दिवस वगळले असते, तर रोप वाढताना न दिसता उडी मारताना दिसले असते. पुढे १९३१ साली 'आलम आरा'ने भारतात बोलपट आला आणि २४ ही चाल पक्की झाली. कारण चाल कमी-जास्त झाली की गाण्याचा सूरच बिघडतो. तेव्हा सिनेमाची २४ चित्रे थोडी असली तरी ठेक्यात असतात. शिवाय कॅमेऱ्यात हलत्या वस्तूचे चित्र किंचित पुसट उमटते, ते एकमेकांत मिसळून जाते. गेमचे प्रत्येक चित्र सहसा कोरीव, स्वच्छ असते. म्हणून त्यातली उडी लगेच डोळ्यांत भरते.

पडद्याचा स्वतःचा ठेका

दुसरे कारण पडद्यात आहे. १४४ हर्ट्झचा मॉनिटर सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलू शकतो. कार्डाने १०० चित्रे दिली आणि दोघांची वेळ जुळवायची सोय चालू असली, तर दर २५ चित्रांपैकी ११ चित्रे दोनदा दिसतात आणि १४ एकदाच. म्हणजे काही चित्रे ७ मिलिसेकंद टिकतात, काही १४. कार्डाचा ठेका बरोबर असूनही चाल लंगडते. यावर उपाय म्हणून एनव्हिडियाने २०१३ मध्ये जी-सिंक जाहीर केले आणि एएमडीने २०१४ मध्ये फ्रीसिंक दाखवले. यात पडदा कार्डाची वाट पाहतो. चित्र तयार होताच बदलतो. मात्र कार्डच ४१० मिलिसेकंद थांबले तर पडदा बिचारा काय करणार!

तिसरे कारण अधिक बारीक आहे. क्रोएशियाच्या क्रोटीम कंपनीचे अ‍ॅलन लादावाच यांनी २०१८ मध्ये अमेरिकेतील गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये ते मांडले. धावणारा माणूस पुढच्या चित्रात किती पुढे काढायचा, हे गेम आपल्या घड्याळावरून ठरवतो. पण ते चित्र पडद्यावर नक्की केव्हा दिसेल, हे त्याला ठाऊक नसते. अंदाज चुकला की चित्र वेळेवर येते आणि माणूस मात्र चुकीच्या जागी असतो. हा दोष गेम बनवणाऱ्यांनीच दूर करावयाचा. त्यासाठी महागडे कार्ड घेणे व्यर्थ आहे.

उशीर कोठे होतो?

धूर, पाणी, प्रकाश यांसाठी ग्राफिक कार्डाला शेडर नावाच्या छोट्या आज्ञा लागतात. काही गेम त्या ऐन वेळी तयार करतात. म्हणून पहिल्या स्फोटाला झटका बसतो, दुसऱ्याला नाही. जुनी हार्ड डिस्क संथ असेल तर नवा रस्ता, नव्या इमारती यांचा माल वेळेवर पोचत नाही. रॅम अपुरी असली तर तेच. आपल्या मराठवाड्याच्या मे महिन्यात बंद खोलीत लॅपटॉप तापतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी चाल कमी करतो. चार्जर काढून बॅटरीवर खेळले तरी बहुतेक लॅपटॉपची ताकद घटते. इंटरनेट संथ असल्याने होणारा घोटाळा निराळा. त्यात आपले चित्र सलग असते, दुसरे खेळाडू मात्र उड्या मारताना दिसतात.

घेणाऱ्यांनी व विकणाऱ्यांनी काय करावे?

घेणाऱ्याने सरासरीसोबत '१ टक्का लो' हा आकडा विचारावा. सर्वांत संथ एक टक्का चित्रांवरून तो काढतात. एका यंत्राची सरासरी १४० व लो ३५, आणि दुसऱ्याची सरासरी ९० व लो ७५ असेल, तर दुसरे घ्यावे. कॅपफ्रेमएक्स किंवा इंटेलचे प्रेझेंटमॉन ही मोजमापाची साधने फुकट मिळतात. ती प्रत्येक चित्राचा वेळ आलेखावर दाखवतात. रेघ सपाट असेल तर माल चांगला, काट्यांसारखी टोके असतील तर दोष आहे. २०२२ पासून कार्डे मधली चित्रे स्वतः रचून आकडा फुगवू लागली आहेत. त्याने दृश्य भरीव होते. पण बटण दाबल्यापासून परिणाम दिसेपर्यंतचा वेळ त्या प्रमाणात घटत नाही. म्हणून ही सोय बंद करूनही यंत्र पाहावे.

ज्यांनी यंत्र घेतलेच आहे, त्यांनी आधी बिनपैशाचे उपाय करावेत. १४४ हर्ट्झचा मॉनिटर विंडोजमध्ये ६० वरच राहिला आहे काय, ते तपासावे. फ्रीसिंक किंवा जी-सिंक चालू करावे. यंत्र ८० ते १२० च्या दरम्यान हेलकावत असेल तर मर्यादा ८० वर बांधावी. आकडा घटेल, चाल सुधारेल. शेडर तयार होत असल्याची सूचना आली तर ते काम पुरे होऊ द्यावे. पैसा खर्चायचाच असेल तर आधी एसएसडी आणि रॅमची जोडपट्टी घ्यावी, कार्ड नंतर.

आमच्या तरुण दुकानदार बंधूंना इतकेच सांगणे आहे : कापड विकताना आम्ही गिऱ्हाइकासमोर ताका उलगडतो, ते उजेडात धरू देतो. तुम्हीही पाच मिनिटे गेम चालवून, वेळेचा आलेख गिऱ्हाइकाला दाखवून यंत्र विका. त्यात काही खर्च नाही. उद्या भांडायला येणारा बाप मग परवा दुसऱ्या मुलासाठी तुमच्याकडेच येईल.